सुरक्षा परवान्याचा फॉर्म : खोट्या उत्तरात तोटा मोठा

आपल्या समाजातील काही मुले अमेरिकेत स्थायिक होऊन तेथील नागरिक झाली आहेत. लष्कराचे काम घेणाऱ्या तेथील कंपन्यांत अनेक जागांसाठी सरकारचा सुरक्षा परवाना लागतो. त्यासाठीच्या एसएफ-८६ या फॉर्मात मागील ७ वर्षांत गांजा वा इतर बेकायदा अमली पदार्थ घेतले काय, असा सरळ प्रश्न आहे.

येथे मुलगा घाबरतो. कॉलेजात दोन-चार वेळा गांजा ओढलेला असतो. घरी कळेल, नोकरी हुकेल, म्हणून तो ‘नाही’ लिहून मोकळा होतो. हाच सौदा बुडीत जातो.

८ जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमांत १३ कसोट्या आहेत. त्यांत अमली पदार्थांची कसोटी वेगळी व खोटेपणाची वेगळी. पहिलीत सुटकेच्या वाटा आहेत. सेवन किती जुने, किती वेळा, ती संगत सोडली काय, पुन्हा घेणार नाही असे सहीनिशी लिहून दिले काय, हे पाहतात. सेवन आजही चालू असेल, तर मात्र २००८ च्या कायद्याने परवाना देता येत नाही. कित्येक राज्यांनी गांजाला मोकळीक दिली, पण परवाना केंद्र सरकारचा आणि तेथे केंद्राचाच कायदा चालतो.

खोट्या उत्तराने माणसाच्या शब्दावरचा भरवसाच उडतो. तपासनीस शेजारी व जुने सहकारी यांच्याकडे चौकशी करतात. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा असून ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोटे लिहिले गेलेच असेल, तर पकडले जाण्यापूर्वी स्वतः होऊन दुरुस्त करावे. ते जमेस धरले जाते.

आपल्या देशातही न्याय असाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितले की, नोकरीच्या अर्जात जुन्या खटल्याची माहिती खरीच द्यावी. लपविल्यास नोकरी जाऊ शकते. बाब किरकोळ असल्यास माफीचा विचार होऊ शकतो.

ताग्यातला डाग आधी दाखवला तर भाव थोडा उतरतो. लपवला तर गिऱ्हाईकच तुटते. मालाचा ऐब सांगून विकावा, ही तर आपल्या दीनची शिकवण. तेव्हा वडीलधाऱ्यांनी मुलांना आधीच सांगून ठेवावे : घरची बोलणी खावी लागली तरी चालेल, फॉर्मवर खरे तेच लिहा. शंका असेल तर सही करण्यापूर्वी तेथील जाणकार वकिलाला विचारा.