दोन मिनिटं, दोघं जण

टेबलावर एक कागद ठेवला जातो. मधोमध एक प्रश्न, भोवती पाच छोटे मुद्दे. वाचायला १५ सेकंद, आणि मग दोन मिनिटं दोघा उमेदवारांनी आपापसात बोलायचं. परीक्षक तेवढा वेळ मध्ये पडत नाही. दोन मिनिटं झाली की तो निर्णयाचा एक प्रश्न विचारतो, आणि त्यावर आणखी एक मिनिट. केंब्रिजच्या 'बी-टू फर्स्ट' या इंग्रजी परीक्षेतल्या तोंडी पेपराचा हा तिसरा भाग. सगळी तोंडी परीक्षा १४ मिनिटांची, पण धास्ती असते ती या तीन मिनिटांची. जिथे धास्ती तिथे दंतकथा आल्याच.

महाराष्ट्रात इंग्रजीची तोंडी परीक्षा म्हटलं की आयेल्ट्स आठवते, आणि पहिली गल्लत तिथेच होते. आयेल्ट्सला उमेदवार एकटा, समोर परीक्षकही एकच, वेळ ११ ते १४ मिनिटं. त्या तयारीवर केंब्रिजच्या खोलीत शिरणारा सलग बोलतो छान, पण शेजारी कुणी बसलंय हे विसरतो. इथे जोडी हीच मुळात परीक्षेची रचना आहे. उमेदवारांची संख्या विषम निघाली, तर शेवटच्या तिघांना एकत्र बसवतात आणि वेळ २० मिनिटांवर नेतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेतही दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीचा बेत आखायचा असतो.

केंब्रिजमध्ये तरी ही पद्धत पहिल्यापासून कुठे होती? १९१३ साली त्यांची इंग्रजीची पहिली परीक्षा झाली तेव्हा बसले तिघं, आणि तिघंही नापास झाले. त्या काळच्या तोंडीत मोठ्याने वाचून दाखवणं, श्रुतलेखन आणि परीक्षकाशी संभाषण असा मामला होता. आजच्या 'फर्स्ट'ची पूर्वज परीक्षा १९३९ मध्ये आली. तिच्या तोंडीला जोडीची बैठक नेहमीची झाली ती १९९६ च्या फेररचनेत. कारण साधं आहे. परीक्षक विचारणार आणि उमेदवार उत्तर देणार, या साच्यात उमेदवाराला कधी प्रश्नच विचारावा लागत नाही. विषय वळवणं, आडवं येणं, समोरच्याची शंका काढणं, 'म्हणजे तुला असं म्हणायचंय का' हे तपासून घेणं, रोजच्या बोलण्यातलं हे सगळं परीक्षेच्या बाहेरच राहतं. बरोबरीचा माणूस समोर बसवला की ते आपोआप आत येतं.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र आपल्याकडच्या 'जीडी'तून येतो. कँपस प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये आठ-दहा जण गोल बसतात, जागा मोजक्या असतात, आणि जो तो आवाज चढवून आधी घुसायला बघतो. ती चाळणी आहे. इथे चाळणी नाही. दोघांना गुण स्वतंत्र मिळतात, ठरलेल्या निकषांवर मिळतात, आणि एकाच्या पाचामुळे दुसऱ्याच्या चाराचे तीन होत नाहीत. दोघंही उत्तम ठरू शकतात. खोलीत परीक्षक दोन असतात. एक संभाषण चालवतो आणि एकूण कामगिरीचा एक गुण देतो. दुसरा बाजूला बसून फक्त ऐकतो आणि चार गोष्टी पारखतो: व्याकरण व शब्दसंपदा, बोलण्याची बांधणी, उच्चार, आणि परस्परसंवाद. प्रत्येक निकष शून्य ते पाच.

परस्परसंवादाच्या निकषात वरच्या पायरीवर काय अपेक्षित आहे, हे केंब्रिजने उघडच छापलं आहे. आपण होऊन विषय काढावा, समोरच्याला योग्य प्रतिसाद द्यावा, आणि आपलं बोलणं त्याच्या बोलण्याला जोडावं. गाडी अडते ती या शेवटच्या अटीपाशी. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला मुलगा इथे हमखास अडखळतो, कारण त्याला सवय आहे ती श्रोत्यांची, जोडीदाराची नाही.

नमुन्यादाखल एक विषय घेऊ. शहरातल्या लोकांनी सायकल जास्त वापरावी म्हणून काय करता येईल? कागदावर पाच मुद्दे: वेगळे मार्ग, भाड्याच्या सायकली, सायकल ठेवायला जागा, शाळेत शिकवणं, गाड्यांना बंदी. बऱ्याच जोड्यांचं संभाषण असं चालतं (बोलणं अर्थात इंग्रजीत):

'मला वाटतं वेगळे मार्ग हवेत, कारण ते सुरक्षित असतात. तुला काय वाटतं?'

'मला वाटतं भाड्याच्या सायकली हव्यात, कारण त्या स्वस्त पडतात. तुला काय वाटतं?'

व्याकरणात खोट नाही, पाळीपाळीने बोलणं आहे, 'व्हॉट डू यू थिंक' दोनदा येऊन गेलं. तरीही ही दोन भाषणं आहेत, फक्त तुकडे करून वाटलेली. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकलं नसतं तरी तो हेच बोलला असता. आता हे पाहा:

'वेगळे मार्ग केले तर लोक निर्धास्तपणे सायकल काढतील.'

'काढतील, पण आमच्या भागात गल्ल्या एवढ्या अरुंद आहेत, मार्ग आखायचा कुठे? त्यापेक्षा तिथे गाड्याच बंद केल्या तर?'

'पूर्ण बंद? दुकानदार ऐकतील का? निदान रविवारपुरतं करून बघता येईल.'

इथे शब्द काही भारी नाहीत. पण प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या खांद्यावर उभं आहे. एव्हलिना गलात्सी या संशोधिकेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच परीक्षेतल्या ३० जोड्यांची संभाषणं तपासली होती. तिला वेगवेगळे नमुने सापडले: कुणी मिळून विषय फुलवतं, कुणी समांतर रुळांवरून धावतं, तर कुठे एक जण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. परस्परसंवादाचे चांगले गुण मिळून बोलणाऱ्यांच्या वाट्याला आले होते.

'जोडीदार कच्चा निघाला तर आपली वाट लागणार' ही भीतीही जुनीच. संशोधक लॅरी डेव्हिस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनमधल्या २० विद्यार्थ्यांना एकदा आपल्याच तोडीच्या आणि एकदा आपल्यापेक्षा सरस किंवा कच्च्या जोडीदाराबरोबर बोलायला लावलं. गुणांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. उलट कच्चे विद्यार्थी सरस जोडीदारासमोर जास्त बोलले. अर्थात वीस जणांवरून कायदा होत नाही. शिवाय दोघांनी मिळून घडवलेल्या संभाषणातून एकेकाचा वाटा वेगळा काढणं परीक्षकांनाही अवघड जातं, हेही संशोधकांनी नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही, पण तिच्यावर उमेदवाराच्या हातातले उपाय आहेत. गप्प बसलेल्याला 'तुला काय वाटतं' असं मोघम विचारण्यापेक्षा 'तू स्वतः सायकल चालवतोस का' असं विचारलं की त्याला धरायला काहीतरी मिळतं. बोलत सुटलेल्याच्या बाबतीत तो श्वास घेईल ती जागा हेरून त्याचाच शेवटचा शब्द उचलायचा. दोन्हीकडे गुण विचारणाऱ्याच्या, उचलणाऱ्याच्या खात्यात जमा होतात.

बाकी समजुती झटपट निकालात काढता येतात. पाचही मुद्दे संपवायलाच हवेत असं नाही. तीनच नीट उलगडले तरी चालतं. शेवटच्या मिनिटात एकमत व्हायलाच हवं असंही नाही. निर्णयाच्या दिशेने बोलणं व्हावं, एवढंच. उलट दहा सेकंदांत 'मार्गच बरे, ठरलं' म्हणून मोकळं होणाऱ्यांना उरलेली पन्नास सेकंदं खायला उठतात. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर तो घड्याळाचा दोष, उमेदवाराचा नाही. त्याने चेहऱ्यावर काहीच दाखवलं नाही, तर ते बोलणं आवडलं नाही म्हणून नव्हे. सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून त्याने काय बोलायचं हे आधीच लिहून ठरलेलं असतं. सूचना कळली नाही तर पुन्हा विचारता येते. तोंडीत घसरलं की सगळी परीक्षा गेली, हेही खरं नाही. सगळ्या परीक्षेच्या पाच घटकांचे गुण सारख्या वजनाने धरून त्यांची सरासरी काढतात, केंब्रिजच्या मोजपट्टीवर १६० ला उत्तीर्ण होता येतं, आणि प्रत्येक घटकात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कुणी तयारीचं पुस्तक आणलं असेल तर छापल्याचं साल तेवढं बघावं. २०१५ च्या आधी या भागात मुद्द्यांच्या जागी चित्रं असायची.

उच्चाराबद्दल थोडं थांबायला हवं. इंग्रज किंवा अमेरिकन हेल काढायची गरज नाही, बोलणं कळायला हवं. मराठी माणसाच्या इंग्रजीत अडचण होते ती हेलाने नव्हे, तर आघाताने. इंग्रजीत 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो आणि 'फोटोग्राफर' म्हणताना दुसऱ्यावर. मराठीत सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने चालतात, त्यामुळे हा बदल निसटतो. दोन आठवडे रोज दहा शब्द ऐकून, टेबलावर बोटाने ठोका देत म्हणून पाहिले तर कान सरावतो. खोटा हेल दोन आठवड्यांत जेमतेम हास्यास्पद होतो.

आणि ती पाठ केलेली वाक्यं. 'आय टोटली ॲग्री विथ यू, हाउएव्हर' हे पालुपद तीनदा आलं की ऐकणाऱ्याला कळतंच. मराठीत आपण कुणाशी बोलताना 'हं', 'हो ना', 'अरे हो, पण', 'बरं, मग?' असे हुंकार सहज देत असतो. इंग्रजीतही त्यांची भावंडं आहेत: 'राइट', 'ट्रू', 'ओह, रिअली?' पाठांतराच्या यादीत ती सहसा नसतात. घरी येताजाता जमलेली ही सवय परीक्षेच्या खोलीत न्यायला लाज वाटू नये.

सराव एकट्याने आरशासमोर होत नाही. जोडीदार लागतोच, आणि तो आपल्यापेक्षा कच्चा असला तरी चालतो. मित्र, बहीण, क्लासमधलं कुणीही. मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करायची. मग चुका शोधत न बसता एकच गोष्ट मोजायची: जोडीदाराची वाक्यं पुसून टाकली तर आपली किती वाक्यं जशीच्या तशी उभी राहतात? पहिल्या दिवशी बहुतेक सगळीच राहतील. आठवड्याने पुन्हा, दुसरा विषय घेऊन, आणि शक्य असेल तर दुसऱ्याच माणसाबरोबर मोजायचं. परीक्षेत शेजारी बसणारा ओळखीचाच असेल, याची काही खात्री नसते.