‘हे वाच’ असे सांगणारा कोण?

महाविद्यालयाच्या ग्रंथालयासमोर, वसतिगृहाच्या खोल्यांत किंवा चळवळीच्या शिबिरात रात्रीच्या जेवणानंतर एक वाद हमखास रंगतो. कोणी म्हणतो, दोस्तोयेव्हस्की वाचल्याशिवाय कादंबरी कळत नाही. दुसरा कामूचे नाव पुढे करतो. तिसरा म्हणतो, कथा-कादंबऱ्या ठेवा बाजूला, आधी तत्त्वज्ञान वाचा. एक जण आतापर्यंत गप्प असतो. तो हळूच विचारतो, ‘अर्नाळकर चालेल का?’ आणि सगळे हसतात. हसणाऱ्यांपैकी कित्येकांनी शाळेत असताना झुंजार आणि काळा पहाड अधाशासारखे वाचलेले असतात, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

अशा वादांना रिकामपणाच्या गप्पा समजून सोडून देणे बरोबर नाही. ज्या घरात पुस्तकांचे कपाट पिढ्यान् पिढ्या उभे आहे, त्या घरातल्या मुलाला काय वाचावे हे मुद्दाम कोणी सांगावे लागत नाही. आजोबांच्या बोलण्यातून, आत्याच्या उशाशी पडलेल्या मासिकातून, पाहुण्यांच्या चर्चेतून ते त्याच्या कानावर पडतच असते. ज्याच्या घरात पहिले पुस्तक त्याच्याबरोबरच शिरले, त्याला हा वारसा नाही. कोणीतरी ‘हे वाच’ म्हणून पुस्तक हातात ठेवले, तरच ते त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणूनच पुस्तक सुचवणारा कोण, तो कशाच्या बळावर सुचवतो आणि त्याच्या यादीत कोण नाही, हे प्रश्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की ‘अभिजात’ ग्रंथांची यादी आकाशातून पडलेली नाही. ती माणसांनी केलेली असते आणि तिला तारीख असते. १८८६ साली लंडनच्या कामगार महाविद्यालयात सर जॉन लबक यांनी वाचनावर व्याख्यान दिले आणि सुमारे शंभर उत्तम ग्रंथांची यादी सादर केली. ती वृत्तपत्रातून गाजली. नामवंतांची मते मागवण्यात आली. जॉन रस्किनने तर लेखणी घेऊन त्या यादीतली कितीतरी नावे खोडून टाकली. विल्यम मॉरिसने स्वतःची वेगळी यादी दिली. म्हणजे एका विद्वानाला जे अमर वाटत होते, ते दुसऱ्याला केरकचरा वाटत होते. आज आपल्या पोरांत चालणारा वाद तेव्हा मोठमोठ्या मंडळींत चालला होता. ज्या कामगारांसमोर ते व्याख्यान झाले, त्या कामगारांचे मत मात्र या वादात कुठे महत्त्वाचे ठरले नाही.

१९५२ साली अमेरिकेत ‘पाश्चात्त्य जगाचे महान ग्रंथ’ ही चोपन्न खंडांची माला निघाली. शिकागो विद्यापीठाचे माजी प्रमुख रॉबर्ट हचिन्स आणि तत्त्वज्ञ मॉर्टिमर ॲडलर हे तिचे कर्ते. होमरपासून फ्रॉइडपर्यंत लेखक तीत होते. त्यात एकही स्त्री नव्हती आणि एकही काळा अमेरिकन लेखक नव्हता. १९९० साली साठ खंडांची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा चार लेखिकांना जागा मिळाली. काळ्या लेखकाला तेव्हाही मिळाली नाही. यामुळे मालेतले प्लेटो किंवा शेक्सपिअर लहान ठरत नाहीत. परंतु ‘महान’ हा शब्द उच्चारणाऱ्याला किती जग दिसत होते, एवढे तरी त्यातून कळते.

या मालेच्या मागे एक विचार होता आणि त्या विचाराशी आपला जवळचा संबंध आहे. हचिन्स यांनी १९३६ साली अमेरिकेतील उच्च शिक्षणावर पुस्तक लिहिले. सत्य सर्वत्र एकच असते, म्हणून शिक्षणही सर्वत्र एकच असावे आणि ते थोर ग्रंथांच्या आधाराने द्यावे, असा त्याचा मथितार्थ. जॉन ड्यूई यांनी या विचारावर कडाडून टीका केली. त्यांचा आक्षेप थोर ग्रंथ वाचण्याला नव्हता. अंतिम सत्ये आधीच ठरलेली आहेत असे मानले की ती कोणती हे ठरवणारा कोणीतरी अधिकारी मानावा लागतो, आणि मग विचार थांबून आज्ञापालन सुरू होते, हा त्यांचा मुद्दा होता. हेच ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू. त्याच १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंचा आधार घेऊन सांगितले, की समाजाने आपला सगळाच वारसा जसाच्या तसा पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधू नये, त्यातले निर्जीव टाकून द्यावे आणि भविष्य उजळेल तेवढेच पुढे द्यावे. वाचनाच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. वारसा मिळाला की नाही एवढ्यावर भागत नाही, तो निवडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे पाहावे लागते.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या वाचनात हा अधिकार कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनीच ते सांगितले आहे. वडील रामजी मुलांना रोज महाभारत-रामायणातला भाग जमलेल्या मंडळींपुढे वाचायला लावीत. पुढे परीक्षेतल्या यशाबद्दल एक सभा झाली. तिच्या अध्यक्षस्थानी कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. मुलाने ते वाचले आणि त्यानंतर वडिलांना प्रश्न केला : ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा सांगणारे आणि शूद्र-अस्पृश्यांना हीन लेखणारे हे ग्रंथ आम्ही का वाचायचे? वडिलांनी कर्णाचे आणि वाल्मीकीचे उदाहरण दिले. आपण अस्पृश्य, म्हणून मनात न्यूनगंड येतो आणि तो जावा यासाठी हे वाचन, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाचे समाधान झाले नाही.

घरातल्या ग्रंथाला प्रश्न विचारण्याचे धैर्य बाहेरून आलेल्या दुसऱ्या ग्रंथाने दिले, ही या प्रसंगातली पहिली शिकवण. दुसरी शिकवण अशी की आधीचे वाचनही फुकट गेले नाही. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही, पाठीशी काही वाचन होते म्हणून तुलना करता आली, अशा आशयाचे बाबासाहेबांनी तेथे लिहिले आहे. ‘प्रस्थापितांचे सगळे वाङ्मय जाळा’ म्हणणाऱ्या आणि ‘अभिजात वाचल्याशिवाय तोंड उघडू नका’ म्हणणाऱ्या, अशा दोन्ही मित्रांनी या गोष्टीचा विचार करावा. एकच पुस्तक वाचणाऱ्याला तुलना करता येत नाही, आणि तुलनेशिवाय नकारालाही धार येत नाही.

अमेरिकेतील काळ्या लेखकांच्या वाङ्मयाचा परिचय दलित साहित्याच्या वाचकांना जुना आहे. त्यांच्यापैकी रिचर्ड राइट (जन्म १९०८) याने ‘ब्लॅक बॉय’ या १९४५ सालच्या आत्मकथनात स्वतःच्या वाचनाची हकिकत सांगितली आहे. लहानपणी घरी राहणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने त्याला सात बायका मारणाऱ्या निळ्या दाढीवाल्याची गोष्ट सांगायला घेतली. आजीने ती सैतानाची गोष्ट म्हणून मध्येच बंद पाडली. पण पोराला गोष्टीची भूक लागली ती लागलीच. पुढे तो एक साप्ताहिक विकू लागला. त्याच्या पुरवणीत येणाऱ्या थरारकथा फुकट वाचायला मिळाव्यात, एवढाच त्याचा हेतू. मूळ पत्रात काय असते हे त्याने पाहिलेच नव्हते. ते पत्र काळ्यांचा द्वेष करणाऱ्या क्लू क्लक्स क्लॅनचा प्रचार करते, हे एका जाणत्या काळ्या गृहस्थाने दाखवून दिले तेव्हा त्याने विक्री सोडली.

पुढे मेंफिसमध्ये नोकरी करताना तेथल्या वृत्तपत्राने एच. एल. मेंकेन नावाच्या लेखकावर केलेली जहाल टीका त्याच्या वाचनात आली. दक्षिणेतले गोरे ज्याचा एवढा तिरस्कार करतात, तो लिहितो तरी काय? पण काळ्यांना त्या ग्रंथालयातून पुस्तके मिळत नसत. एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड त्याने मागून घेतले आणि आपण केवळ निरोप्या आहोत असे भासवणारी खोटी चिठ्ठी लिहिली. ग्रंथपालाला संशय येऊ नये म्हणून त्या चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीने केला. पुस्तकासाठी स्वतःच्या हाताने स्वतःला शिवी लिहावी लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मेंकेनच्या त्या पुस्तकात इतर लेखकांची चर्चा होती. राइटला एका पुस्तकातून जणू एक यादीच मिळाली. तो सिंक्लेअर लुइस वाचू लागला आणि रोज ज्याच्या हाताखाली राबायचे तो मालक हा समाजातला एक नमुना आहे, हे त्याला उमगले. तो थिओडोर ड्रायझर वाचू लागला आणि आईने सोसलेले दुःख त्याच्यापुढे पुन्हा उभे राहिले. गोऱ्यांनी गोऱ्यांबद्दल लिहिलेल्या कादंबऱ्यांतून त्याला स्वतःची आई आणि स्वतःचा मालक दिसला. अभिजात वाङ्मयाचा खरा उपयोग तो हा. आणि त्या वाङ्मयापर्यंत तो पोहोचला, तो निळ्या दाढीवाल्याच्या आणि थरारकथांच्या पायऱ्या चढून.

या हकिकतीला पुढे आणखी एक वळण आहे. १९४० साली राइटची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी ‘बुक ऑफ द मंथ’ या वाचकमंडळाने निवडली. काळ्या लेखकाला हा मान प्रथमच मिळाला. मात्र मंडळाच्या आग्रहाने काही मजकूर आधी काढावा लागला. ‘ब्लॅक बॉय’च्या वेळी तर उत्तरार्ध पूर्णच गळाला. उत्तरेत गेल्यावरही वर्णद्वेष सुटला नाही, हे सांगणारा तो भाग. दोन्ही पुस्तके मूळ रूपात १९९१ साली छापली गेली, तेव्हा लेखकाला जाऊन तीस वर्षे झाली होती. शिफारस करणारा हात कधीकधी कात्रीही चालवतो. म्हणून शिफारस मिळाली की हुरळून न जाता ती कोणत्या अटीवर मिळाली हे विचारावे.

आता आपल्याकडच्या रहस्यकथांच्या प्रश्नाकडे येऊ. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही, पण अक्षरओळख होऊन थांबलेल्या असंख्य लोकांना त्यांनी वाचक केले. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. तेवढेच देऊन थांबलेही पाहिजे, कारण गुन्हेगार पकडला गेला की जग पुन्हा सुरळीत होते, हा रहस्यकथेचा संकेत आहे. ज्या समाजात सुरळीत चाललेले जगच अन्यायावर उभे असते, तेथे हा संकेत अपुरा पडतो. अण्णा भाऊ साठे यांचा विचार याच संदर्भात करावा. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेला हा माणूस गॉर्कीला मानत होता. त्यांच्या कादंबऱ्यांत पाठलाग आहे, दरोडा आहे, सूड आहे, प्रेम आहे. लोकप्रिय कथेची सगळी सामग्री त्यांनी वापरली. पण १९५९ सालच्या ‘फकिरा’त कायद्याने गुन्हेगार ठरवलेला माणूसच नायक आहे. भुकेल्यांसाठी तो धान्य लुटतो आणि वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो. रहस्यकथेचा संकेत येथे उलटा झाला. ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. अण्णा भाऊंना ‘रंजक लेखक’ म्हणून बाजूला सारणाऱ्या अभिरुचीने हे पाहिले नाही. ‘अभिजात’ आणि ‘रंजक’ यांच्यामध्ये जी भिंत आहे, तिच्यामागे पुष्कळदा पंक्तिभेद लपलेला असतो.

मग शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट, विद्यार्थी जे वाचतो त्यावर हसू नये. जो आज काहीतरी वाचतो, त्याला उद्या दुसरे सुचवता येते. जो लाजून वाचनच लपवतो, त्याला काहीही सुचवता येत नाही. दुसरी गोष्ट, पुस्तक सुचवताना कारण सांगावे. ‘थोर आहे म्हणून वाच’ हे कारण नव्हे, ती आज्ञा झाली. ‘तुला तुझ्या गावचा सावकार समजेल म्हणून वाच’ हे कारण झाले. तिसरी गोष्ट, एका पुस्तकाबरोबर त्याला उत्तर देणारे दुसरे पुस्तक द्यावे. प्लेटोच्या आदर्श राज्यात माणसांचे सोने, चांदी, लोखंड असे वर्ग आहेत. ते वाचणाऱ्याच्या हाती ‘जातिनिर्मूलन’ही असावे. चौथी गोष्ट, ऐकणाऱ्याला ‘मला हे पटले नाही’ म्हणण्याची मुभा असावी. ही मुभा नसेल, तर पुस्तके आपली असली तरी वाचन पुन्हा पोथीवाचनच होईल. आपल्या लेखकांच्या पुस्तकांनाही हा नियम लागू आहे.

यासाठी मोठे ग्रंथालय किंवा अनुदान लागत नाही. आठवड्यातून एकदा पाच-सहा जण जमावेत, प्रत्येकाने वाचलेले एक पुस्तक सांगावे, ते का आवडले किंवा का आवडले नाही हे बोलावे आणि ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावे. ज्यांच्या घरात कपाट आहे, त्यांचे हे काम कपाट करते. आपल्याला ते एकमेकांसाठी करायचे आहे. केळुसकरांनी एका सभेत एका मुलाच्या हातात एक पुस्तक ठेवले. ते करायला त्यांना काही मिनिटे लागली असतील. आपल्या हातातले पुस्तक कोणाच्या हाती द्यायचे आहे, हे आपणही आजच ठरवू शकतो.