क्लब तीन, पण संघ एकही पुरा नाही!

जुलै-ऑगस्टची सुट्टी संपवून भारतात गेलेली कुटुंबं अजमानला परतली, की व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटबॉल अकादम्यांच्या जाहिराती येऊ लागतात. त्यात आता 'एलिट गर्ल्स' हा शब्द हमखास दिसतो. अंडर-१२, अंडर-१४, अंडर-१६, मर्यादित जागा, लवकर नाव नोंदवा. पूर्वी मुलांच्या बॅचमध्ये एखाद-दुसरी मुलगी कोपऱ्यात खेळताना दिसायची. आता मुलींच्या स्वतंत्र बॅच निघाल्यात आणि त्यांत आपल्या मराठी मुलीही आहेत. याचा आनंद आहेच. पण या क्लबांची आपसातली चढाओढ पाहिली, की प्रश्न पडतो: यातून मुलींना नक्की काय मिळणार आहे?

आधी इथला भूगोल सांगते. अजमान हे सातही अमिरातींमध्ये सगळ्यात लहान, जेमतेम २६० चौरस किलोमीटरचं. शारजा इतकं चिकटून, की कुठल्या रस्त्यावर हद्द बदलली ते पाहुण्यांना कळतही नाही. त्यापुढे दुबई. त्यामुळे अजमान, शारजा आणि दुबईचा उत्तर भाग हा मुलींच्या क्लबांसाठी एकच बाजार. नुऐमियात राहणारी मुलगी शारजात सराव करते, मॅच दुबईत खेळते. अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचं, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर दीड तास कुठे गेला कळत नाही. गृहपाठ गाडीत, डबा गाडीत, कपडे बदलणंही गाडीतच.

वेळापत्रकाची गंमत वेगळीच. २०२२ पासून इथं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात मात्र शुक्रवारसकट तीन दिवस सुट्टी. त्यामुळे शारजाचा क्लब शुक्रवारी सकाळी मॅच लावतो, तेव्हा अजमानची मुलगी वर्गात असते. शिवाय उन्हाळ्यात चाळिशीपार उकाडा, म्हणजे मैदानावरचा खरा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच. त्यातून परीक्षा आणि रमजानमध्ये बदलणाऱ्या वेळा वजा करा. हातात राहतात मोजके आठवडे.

आता गणित मांडू. समजा, या पट्ट्यात अंडर-१४ गटात मनापासून खेळणाऱ्या चोवीस मुली आहेत आणि त्यांच्यासाठी तीन क्लब आहेत. प्रत्येकाकडे आठ मुली. अकरा जणींचा संघ एकाचाही होत नाही. मग सात-सातच्या मॅच होतात आणि राखीव खेळाडू म्हणून एकच मुलगी उरते. तिला ताप आला तर राखीव कुणी नाही, आणखी एक कमी झाली तर मॅच रद्द. संघ भरायला मग अकरा वर्षांची चिमुरडी चौदा वर्षांच्या मुलींसमोर उभी केली जाते. मोठ्या मैदानावर ऑफसाइड सांभाळणं, लांब पास देणं, बचावफळी एकत्र हलवणं या गोष्टी सात जणींच्या खेळात नीट शिकता येत नाहीत. या चोवीस जणी एकत्र आल्या, तर दोन भक्कम संघ होतात आणि दर आठवड्याला एक चांगली मॅचही. पण क्लबांना वाटतं, आपली मुलगी दुसऱ्याच्या संघातून खेळली तर ती तिकडेच जाईल, आणि तिच्याबरोबर फीसुद्धा!

ही अडचण फक्त आपल्याकडची आहे असं समजू नका. न्यू जर्सीत किंवा बे एरियात मुलगी असलेल्या नातेवाइकांना विचारा. अमेरिकेत मुलींच्या मोठ्या क्लबांनी २००९ मध्ये ईसीएनएल ही लीग सुरू केली. २०१७ मध्ये तिथल्या फुटबॉल महासंघानं मुलींसाठी स्वतःची वेगळी डेव्हलपमेंट अकादमी लीग काढली. एकाच शहरातले तगडे क्लब दोन लीगमध्ये वाटले गेले. शेजारच्या चांगल्या संघाशी मॅच नाही आणि तोलामोलाचा प्रतिस्पर्धी शोधायला विमानानं दुसऱ्या राज्यात जायचं, असा प्रकार सुरू झाला. महासंघाच्या लीगमधल्या मुलींना शाळेच्या संघातून खेळायलाही बंदी. अनेकींना ते पटलं नाही. शेवटी एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीच्याच दिवसांत, महासंघानं ती लीग बंद केली. त्यातल्या क्लबांनी 'गर्ल्स अकादमी' नावाची नवी लीग उभी केली, म्हणजे पुन्हा दोन लीग आल्याच. तिथं मुली भरपूर आहेत, कॉलेजच्या स्कॉलरशिप आहेत, म्हणून हा खेळ परवडतो. आपल्या चोवीस मुलींना तो कसा परवडेल?

इथं मुलींच्या फुटबॉलला वरचा टप्पा नाही असं मात्र नाही. यूएईच्या महिला संघानं २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षं पश्चिम आशियाई स्पर्धा जिंकली. डोक्यावर स्कार्फ बांधून खेळायला २०१४ मध्ये जागतिक पातळीवर नियमानं परवानगी मिळाली, तेव्हा अनेक घरांतला अडसर दूर झाला. आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, अबुधाबी कंट्री क्लब गटसाखळीत खेळला. त्याच गटसाखळीत भारताचा ओडिशा एफसीही होता. म्हणजे आपल्या मुलींचा ज्या दोन देशांशी संबंध आहे, त्या दोन्हीकडे शिडीची वरची पायरी आहे. आठ वर्षांच्या मुलींना चेंडू ओळखीचा करून देणारी खालची पायरीही आहे. गायब आहेत त्या मधल्या, म्हणजे तेरा ते सतरा या वयातल्या.

आणि नेमक्या त्याच वयात मुली खेळ सोडतात. मैदानाकडेला उभ्या असलेल्या आयांशी बोललं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नववीपर्यंत ठीक आहे हो, दहावीला बंदच करणार." बोर्डाची परीक्षा हे एक कारण झालं. दुसरं कारण कुणी फारसं बोलून दाखवत नाही. त्या वयात मुलीला बाई प्रशिक्षक हवी असते, कपडे बदलायला नीट जागा हवी असते आणि सोबत मैत्रिणी हव्या असतात. मैत्रिणी तीन क्लबांत विखुरल्या, की मन उडायला वेळ लागत नाही.

महाराष्ट्रात परतल्यावर मार्ग सोपा होईल, या भरवशावर राहू नका. २०१७ च्या सुरुवातीला पहिली इंडियन विमेन्स लीग झाली, तेव्हा एफसी पुणे सिटीचा मुलींचा संघ त्यात होता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद पडला. तालमींच्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरचा संघही पुढे या लीगमध्ये खेळला. पण २०२४-२५ च्या हंगामात त्या लीगमधल्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. आणि हे कुठल्या राज्यात? जिथं २०२२ च्या सुरुवातीला मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात महिलांचा आशियाई चषक झाला आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली, त्या राज्यात. मैदानं झाली, सोहळे झाले. क्लब मात्र टिकले नाहीत.

तरीही आखातातल्या आपल्या मुलींच्या हातात एक हुकमाचा पत्ता आहे, आणि पालकांच्या तो लक्षातच येत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या चुलत बहिणीकडे बहुधा तिथला पासपोर्ट असतो. भारताच्या संघातून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय कार्ड चालत नाही. अजमानमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीकडे मात्र भारतीय पासपोर्टच असतो. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं. त्या संघाचं दार आपल्या मुलींना कागदोपत्री तरी उघडं आहे.

कागदांवरून आठवलं. परदेशी मुलाची किंवा मुलीची इथल्या फेडरेशनकडे पहिली नोंदणी होताना फिफाचे अठरा वर्षांखालील खेळाडूंबाबतचे नियम लागू होतात. आईवडील फुटबॉलसाठी नव्हे, नोकरीधंद्यासाठी इथं आलेत, किंवा मूल सलग पाच वर्षं इथं राहिलंय, असं काही तरी दाखवावं लागतं. एकदा नोंदणी झाली आणि पुढे पुण्याच्या क्लबात जायचं ठरलं, तर आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. दहा वर्षांच्या मुलीपासून हा नियम आहे. व्हिसाची काळजी त्या मानानं कमी. अविवाहित मुलीला वडील इथं कितीही वर्षं स्पॉन्सर करू शकतात.

म्हणून यंदा फी भरण्याआधी क्लबला चार प्रश्न विचारा. माझ्या मुलीच्या वयोगटात तुमच्याकडे मुली नेमक्या किती? हंगामात मॅच किती आणि कुणाशी? तिची नोंदणी फेडरेशनकडे होणार, की फक्त तुमच्या वहीत? आणि तुमचा संघ पुरा होत नसेल, तर तिला दुसऱ्या क्लबच्या मुलींबरोबर खेळू द्याल का? जर्सीवरचं युरोपातल्या मोठ्या क्लबचं नाव बघण्याआधी या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐका.

क्लबांनी स्पर्धा करूच नये असं माझं म्हणणं नाही. स्पर्धा असली की प्रशिक्षक चांगले मिळतात, फीवरही थोडा लगाम राहतो. सोमवार ते गुरुवार प्रत्येकानं आपापल्या मुली घडवाव्यात. शनिवारी मात्र सगळ्यांनी मिळून एक सामायिक लीग चालवावी आणि चौदा वर्षांपुढच्या मुलींसाठी अकरा जणींचे संयुक्त संघ उतरवावेत. मैदानं आहेत, दिवे आहेत, मुलीही आहेत. क्लब हे आपण होऊन करतील असं वाटत नाही. फी भरणाऱ्या पालकांनी एकत्र येऊन मागितलं, तर मात्र ऐकतील. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. बोलायची वेळ त्याआधीची आहे.