नव्या डॉज चार्जरवरचा राग समजून घ्या
व्ही-८ इंजिन सोडून आलेल्या नव्या चार्जर गाडीवर अमेरिकेतले जुने चाहते उखडले, त्याला नुसतं रडगाणं म्हणणं मला पटत नाही. प्रश्न ताकदीचा नाहीच, आवाजाचा आहे. इलेक्ट्रिक डेटोना स्कॅट पॅक ६७० हॉर्सपॉवरची आहे, सहा सिलिंडरची पेट्रोल सिक्सपॅक ५५० पर्यंत जाते. जुन्या स्कॅट पॅकची ६.४ लिटरची व्ही-८ हेमी ४८५ वरच थांबायची. पण क्रॉसप्लेन क्रँकमुळे व्ही-८ च्या प्रत्येक बाजूचे सिलिंडर विषम अंतरानं पेटतात आणि त्यातूनच ती खोल गुरगुर उमटते. डेटोनात ती अ‍ॅम्प्लिफायर लावून काढावी लागते!

प्रदूषणाचे नियम कडक झाले, हे मान्य. म्हणून उसना आवाज विकायलाच हवा असं थोडंच आहे? सहा सिलिंडरच्या इंजिनाला स्वतःचा सूर आहे. माझं मत सिक्सपॅकलाच.