चष्म्यावरचे चरे

चष्मा लावूनही फळा धूसर दिसतो, अशी एखाद्या विद्यार्थ्याची तक्रार येते. नंबर वाढला असेल, असे आपण म्हणतो. पण त्याआधी चष्मा उजेडात तिरपा धरून पाहावा. पुष्कळदा दोष चऱ्यांचा असतो.

चरे पडतात कसे? फ्रीडरिश मोहस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची श्रेणी मांडली. तिच्यात शंखजिरे १ वर आणि हिरा १० वर आहे. कठीण पदार्थ मऊ पदार्थाला ओरखडतो. जिप्समच्या खडूचा कठीणपणा सुमारे २ आणि काचेचा सुमारे ५.५. म्हणजे फळ्यावरची भुकटी निर्दोष! खरी गुन्हेगार रस्त्यावरची धूळ. पाथर्डी परिसरातला खडक बेसाल्टचा. त्यातले फेल्डस्पार ६ च्या आसपास आणि खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ७. आजचे बहुतेक चष्मे प्लास्टिकचे. ते हलके, पण काचेहून मऊ असतात. त्यांवर कठीण लेप असला, तरी तो जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. धुळीने भरलेला चष्मा सदऱ्याने किंवा पदराने कोरडा पुसणे म्हणजे त्यावर पॉलिशपेपर फिरवणेच.

चरा डोळ्याच्या अगदी जवळ असल्याने रेघ म्हणून दिसत नाही. तो प्रकाश विखुरतो. म्हणून खिडकीचा उजेड समोर आला, की फळा फिका पडतो आणि रात्री गाडीच्या दिव्याभोवती झगमगाट दिसतो.

टूथपेस्ट घासून चरे जातात, असे सांगतात. चरा म्हणजे तिथला पदार्थ निघून गेलेला असतो. घासून तो भरत नाही. उलट पेस्टमधील घर्षक भुकटीने लेप झिजतो आणि बारीक चऱ्यांची भर पडते. बुबुळासमोरच चरे असतील, तर भिंग बदलणे हाच उपाय.

करून पाहा : प्लास्टिकची पारदर्शक पट्टी घ्या. दोन्ही टोकांना धूळ लावा. एक टोक कोरडे पुसा. दुसरे आधी पाण्याने धुऊन मग त्याच कापडाने पुसा. असे दहा वेळा करा. अंधारात बॅटरीचा झोत तिरपा टाका. कोणते टोक जास्त चमकते?

तेव्हा आधी पाणी, मग साबणाचा थेंब, पुन्हा पाणी आणि शेवटी स्वच्छ, मऊ सुती कापड, हा क्रम वर्गात सर्वांना सांगू या. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असली, तरी एवढ्यासाठी पेलाभर पाणी पुरते. नव्या भिंगापेक्षा ते नक्कीच स्वस्त. चष्मा निर्मळ असूनही फळा धूसर दिसत असेल, तर मात्र डोळे तपासून घ्यावेत.