शहराच्या माथ्यावरचे वन आणि वनपालाचे शिक्षण

भारतीय वनप्रशासनात वनरक्षक, वनपाल आणि वनक्षेत्रपाल ही प्रत्यक्ष क्षेत्रावरील तीन पदे असून वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र, म्हणजे पायी गस्त घालता येईल एवढा वनाचा भाग, सोपवलेला असतो. अशी काही नियतक्षेत्रे मिळून होणारे वर्तुळ वनपाल सांभाळतो आणि अनेक वर्तुळांचे परिक्षेत्र वनक्षेत्रपालाच्या अखत्यारीत येते. या पदांचे प्रशिक्षण ज्या परंपरेतून आले ती डेहराडून येथे १८७८ मध्ये स्थापन झालेल्या वनशाळेची परंपरा रेल्वेच्या स्लीपरांना आणि बांधकामाला लाकूड पुरवणाऱ्या अरण्यांसाठी घडली होती, त्यामुळे झाडाचा घेर मोजणे, त्यावरून लाकडाचे घनफळ काढणे, वर्षाची तोड ठरवणे आणि तोडलेल्या जागी नवी वाढ आणणे हा तिचा गाभा राहिला. शहराला लागून असलेल्या वनात लाकूड हे उत्पन्न जवळजवळ नसतेच, आणि म्हणून तेथील वनपालाला काय शिकवावे हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. चंडीगडइतके या प्रश्नाला उपयुक्त उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

सुमारे ११४ चौरस किलोमीटरच्या या केंद्रशासित प्रदेशात, भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार, जवळपास एक पंचमांश भूभाग वनाच्छादित आहे. यातील मोठा हिस्सा ईशान्येस, शिवालिक टेकड्यांच्या उतारावर, सुखना तलावाच्या पाणलोटात येतो आणि तेथील सुमारे २६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९९८ पासून वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित आहे. काटेकोर अर्थाने हे महापालिकेचे वन नव्हे, कारण त्याचा कारभार चंडीगड प्रशासनाच्या वन विभागाकडे आहे. तथापि त्याचा जन्म आणि त्याचे प्रयोजन पूर्णपणे शहराशी निगडित आहे. १९५८ मध्ये सुखना चो हा ओढा अडवून तलाव तयार करण्यात आला. ‘चो’ म्हणजे शिवालिकच्या उतारावरून पावसाळ्यात एकाएकी लोंढा घेऊन येणारा आणि एरवी कोरडा राहणारा वाळूचा प्रवाह. अशा प्रवाहांनी होशियारपूरच्या बाजूची शेतजमीन गिळल्यामुळे ब्रिटिश काळात, १९०० मध्येच, टेकड्यांवरील तोड आणि चराई यांवर निर्बंध आणणारा कायदा करावा लागला होता. सुखना तलावातही प्रवाहाबरोबर इतका गाळ येऊ लागला की शासनाला पाणलोटातील सुमारे २५ चौरस किलोमीटर जमीन संपादित करून ती झाडांखाली आणावी लागली आणि १९७४ मध्ये प्रवाहाचा मार्ग तलावाला वळसा घालून नेण्यात आला. हे वन लावण्यात आले ते गाळ रोखण्यासाठी.

त्यामुळे येथे काम शिकणाऱ्याचा पहिला पाठ मातीचा असतो. शिवालिकची रचना भुसभुशीत वालुकाश्म, गोटे आणि चिकणमाती यांच्या थरांची असल्याने उघडा पडलेला उतार एका जोरदार सरीत वाहून जाऊ शकतो. महाराष्ट्रातील पाणलोट विकासाच्या कामांतून मराठी वाचकांच्या परिचयाचे झालेले सलग समपातळी चर, अनघड दगडी बांध आणि तारेच्या जाळीत दगड भरून बांधलेले जाळीबंधारे येथेही तशाच हेतूने वापरले जातात; फरक एवढाच की सह्याद्रीचा काळा पाषाण बांधाला पाया देतो आणि येथे पायाच सरकतो. खैर, शिसम, बाभूळ, फुलाई अशा काटक जातींची निवडही त्यांच्या मुळांनी माती किती धरावी यावरून ठरते.

परंतु केवळ बांध आणि रोपे पुरत नाहीत, हे पाणलोटाच्या वरच्या अंगाला असलेल्या सुखोमाजरी या छोट्या गावाने दाखवून दिले. केंद्रीय मृद व जलसंधारण संस्थेच्या चंडीगड केंद्रातील पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत १९७० च्या दशकाच्या मध्यास या गावापर्यंत पोहोचले, तेव्हा उजाड उतारांवर शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्या मालकांना दूरच्या शहरातील तलावाशी काही देणेघेणे नव्हते. गावासाठीच लहान मातीचे धरण बांधून शेतीला पाणी दिल्यावर मात्र स्थिती पालटली, कारण पाण्याचा हिस्सा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला मिळाला आणि त्याच्या मोबदल्यात गावाने स्वतःहून उतारांवर चराईबंदी लागू केली. दोर वळण्यास आणि कागदाच्या लगद्यास उपयोगी पडणाऱ्या भाबर गवताचे उत्पन्नही पुढे गावाच्या संस्थेकडे आले. कुंपण घालून आणि दंड करून जे साधत नव्हते ते हिताची जोड बसताच साधले. वनप्रशिक्षणात या प्रकरणाला एखाद्या व्याख्यानापेक्षा बरीच अधिक जागा मिळायला हवी, कारण वनपालाच्या हातात झाडांपेक्षा माणसांशी करायचे करारच अधिक असतात.

या यशाला एक अनपेक्षित बाजूही निघाली. पुढील दशकांत पाणलोटात झाडी दाट झाली, बंधाऱ्यांनी गाळाबरोबर पाणीही धरून ठेवले आणि कमी पावसाच्या वर्षांत तलाव आटू लागला, तेव्हा ज्या वनाने तलाव वाचवला तेच त्याचे पाणी अडवीत असल्याची टीका झाली. ती अंशतःच खरी म्हणावी लागेल, कारण पावसातील चढउतारांचा त्यात मोठा वाटा असतो आणि जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत याच तलावाचे दरवाजे उघडून पाणी सोडावे लागले. तरीही वनाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे पुढील वर्षांत कोठे काय करायचे याच्या लेखी आराखड्यात, झाडांची घनता आणि तलावात येणारे पाणी यांचा हिशेब एकत्र मांडण्याची गरज या वादाने दाखवली. मार्च २०२० मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा देऊन पाणलोटातील बांधकामांवर कठोर भूमिका घेतली, त्यामुळे या हिशेबाला कायद्याचाही पदर जोडला गेला आहे.

पुढचा पाठ वन्यप्राण्यांचा, कारण अभयारण्यातील सांबर आणि बिबटे शहराच्या सीमा मानत नाहीत. मार्च २०२० मध्येच, टाळेबंदी चालू असताना, सेक्टर ५ मधील एका घरात शिरलेल्या बिबट्याला बेशुद्ध करून पकडावे लागले. अशा वेळी गर्दी आवरणे हे प्राण्याला भूल देण्याइतकेच कसबाचे काम असते.

शहराच्या आतील झाडांचा वारसा वेगळा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि सनदी अधिकारी एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने रस्त्यांसाठी वृक्षजाती निवडल्या गेल्या आणि ती झाडे आता वृद्ध होत आहेत. प्रशासनाने ‘वारसा वृक्ष’ म्हणून नोंदवलेल्या झाडांपैकी सुमारे अडीचशे वर्षांचा मानला जाणारा एक पिंपळ जुलै २०२२ मध्ये शाळेच्या आवारात कोसळून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. वरून हिरवे दिसणारे झाड आतून पोकळ असू शकते, आणि ही पोकळी खोडावर लाकडी हातोडीने ठोकून आवाजावरून, बारीक सुई आत घालून किंवा ध्वनिलहरींच्या साहाय्याने ओळखण्याचे तंत्र लाकूड मोजण्यापेक्षा अगदी निराळे आहे. शहरात झाडे निवडताना हवेचाही विचार करावा लागतो. शेजारच्या मोहालीतील ‘नॉलेज सिटी’मधील आयसर या विज्ञान संस्थेत हवेतील सेंद्रिय वायूंचे मोजमाप होते. अशा वायूंत झाडांचाही वाटा असतो: निलगिरी आणि पॉपलर यांसारखी झाडे आयसोप्रीन नावाचा वायू मोठ्या प्रमाणात सोडतात आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी उन्हात त्याचा संयोग झाल्यास जमिनीलगत ओझोन तयार होतो. झाड लावले की हवा शुद्ध झाली, ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते.

महाराष्ट्रात कुंडल आणि चंद्रपूर येथील प्रबोधिनींतून वनाधिकारी घडतात, तर महापालिकांतील झाडांची जबाबदारी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये नेमलेल्या वृक्ष अधिकाऱ्याकडे असते आणि या दोन व्यवस्थांची गाठ क्वचितच पडते. २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ‘नगर वन’ योजनेसमोर पुण्याच्या वारजे येथील वनाचा नमुना होता. अशा वनांचे क्षेत्र वाढू लागल्यावर वनरक्षकाला पोकळ फांदी ओळखता यावी आणि उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्याला समपातळी चर आखता यावा, यासाठी दोन्ही विभागांचे संयुक्त अभ्यासवर्ग घेण्यास कोणतीही कायदेशीर अडचण दिसत नाही.