दोन रकाने

१९९४ च्या आपल्या हवेच्या गुणवत्ता-मानकांचा तक्ता आजही अस्वस्थ करतो. हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीची वार्षिक सरासरी मर्यादा निवासी भागासाठी घनमीटरला १४० मायक्रोग्रॅम आणि औद्योगिक भागासाठी ३६०. कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या कुटुंबानं अडीचपट धूळ श्वासात घ्यावी आणि तरी हवा नियमात बसावी! मुंबईतलं चेंबूर-माहुल पाहिलेल्या माणसाला विचारा, कारखाना कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं. फुप्फुसं तर दोन्हीकडे सारखीच.

हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा, पहिली मानकं १९८२ ची. त्यांची मोठी उजळणी व्हायला १२ वर्षं लागली, पुढच्या उजळणीला आणखी १५. नोव्हेंबर २००९ मध्ये औद्योगिक आणि निवासी हा भेद एकदाचा गेला. एकूण धुळीचं मोजमाप मागे पडलं आणि छातीत खोलवर उतरणारे पीएम २.५ हे सूक्ष्म कण प्रथमच यादीत आले. त्यांची वार्षिक मर्यादा ठरली ४०. या साऱ्या प्रवासातलं सर्वांत न्याय्य पाऊल मला तो भेद मिटवणं हेच वाटतं.

त्यानंतर विज्ञान पुढे गेलं. याच कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये सुचवलेली १० ची पातळी २०२१ मध्ये ५ वर आणली. अमेरिकेच्या कायद्यात तर दर पाच वर्षांनी फेरतपासणीचं बंधनच आहे. तिथेही दिरंगाई होते, पण १९९७ ची १५ ची मर्यादा २०१२ मध्ये १२ आणि २०२४ मध्ये ९ झाली. आपला कायदा मानकं ठरवण्याचं काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सोपवतो. ती पुन्हा कधी तपासायची, याची मुदत घालत नाही. २०२४ सरलं तेव्हाही आपला आकडा ४० च होता.

मुदत पाळण्याचं बंधन नसलं की नियम मागेही सरकतो. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडवर २०१५ मध्ये मर्यादा आली, पालनाला दोन वर्षं दिली गेली, मग मुदतवाढीमागून मुदतवाढ. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. सक्तीची अट उरली ती मुख्यतः दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना. त्यापलीकडच्या गावांसाठी पुन्हा वेगळा रकाना.